दुसऱ्या घरातून आलेलं लेकरू: बंध तुटला आहे हे ओळखायचं कसं, सांभाळायचं कसं

ज्यांच्या घरात बहिणीचं, भावाचं, लेकीचं लेकरू कायमचं राहायला आलं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आपल्याकडे अशी घरं गावोगावी आहेत. बापानं वावरात फवारणीचं औषध घेतलं, आई माहेरी गेली, लेकरू आबाजीजवळ राहिलं. नवराबायको दोघंही पुण्याला कंपनीत नाहीतर सुरतेला गेली, पोरं मामाच्या घरी. मेळघाटातली कोरकू कुटुंबं दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात ती होळीला परततात, तोवर लहानगी कधी सोबत असतात, कधी म्हातारीच्या भरवशावर. पुढे पहिलीत जायचं वय झालं की कोणी आश्रमशाळेत जातं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. माझ्या लहान बहिणीची मुलगी पाच वर्षांची असताना आमच्याकडे आली. तिचे वडील गेले, पुढे बहिणीचं दुसरं लग्न झालं, मधल्या काळात पोर काकाकडून आजीकडे आणि आजीकडून आमच्याकडे अशी फिरली. तिचं खरं नाव इथं लिहीत नाही, चिमी म्हणू. तिच्यामुळे डॉक्टर, शाळा, बालकल्याण समिती (आधार लागणाऱ्या लेकरांचा निर्णय करणारी जिल्ह्याची समिती), तहसील या सगळ्या वाटा मला चालाव्या लागल्या. माझं मत आधीच सांगून टाकते: अशा लेकरासाठी घरातलं एक पक्कं माणूस ठरवणं हे पहिलं काम. ते ठरलं नाही तर कपडे, खाऊ, शिकवणी काहीच अंगी लागत नाही.

१. आधी बंध म्हणजे काय ते समजून घ्या

लेकरू सहा-सात महिन्यांचं झालं की ओळखीचं कोण, परकं कोण हे त्याला कळायला लागतं. परक्यानं उचललं की ते रडतं, आईकडे हात करतं. पुढच्या दीड-दोन वर्षांत त्याच्या मनात एक गोष्ट पक्की होते: भूक लागली, दुखलं, भीती वाटली तर हे माणूस येणारच. त्या माणसाच्या भरवशावर ते अंगणात लांब खेळायला जातं आणि कुत्रं भुंकलं की पळत येऊन पदर धरतं. हा भरवसा म्हणजेच बंध.

जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी गेल्या शतकाच्या मध्यावर हे पहिल्यांदा नीट मांडलं. त्यांच्यासोबत काम केलेल्या मेरी एन्सवर्थ यांनी युगांडातल्या खेड्यांत घरोघरी जाऊन आया आणि लेकरं पाहिली, नंतर अमेरिकेत बाल्टिमोरला तेच काम पुढे नेलं. तिथं त्यांनी एक चाचणी बसवली. अनोळखी खोलीत आई थोडा वेळ लेकराला सोडून जाते आणि परत येते. ती गेल्यावर लेकरू किती रडतं यापेक्षा ती आल्यावर ते काय करतं याला त्यांनी जास्त महत्त्व दिलं. जवळ जातं का? जवळ घेतल्यावर शांत होतं का? की तोंड फिरवून बसतं? संध्याकाळी तुम्ही वावरातून घरी येता तेव्हा तुम्हालाही हेच बघता येतं.

बंध फक्त जन्मदात्या आईशीच होतो असं नाही. आजीशी, आबाजीशी, मोठ्या बहिणीशी, एका वेळी दोघातिघांशीही होतो. आपल्या घरांत चार माणसं मिळून लेकरू सांभाळतात, त्यात वाईट काही नाही. माणसं वारंवार बदलली, लेकराकडे दुर्लक्ष झालं, किंवा सगळेच सांभाळतात पण रात्री ते दचकून उठलं तर जायचं कोणी हेच ठरलेलं नसलं, की तिथं बिघडतं.

२. पहिले काही आठवडे बघा आणि लिहून ठेवा

साधी शाळेची वही घ्या. रोज दोन-तीन ओळी पुरेत: काय झालं, त्याच्या आधी काय घडलं होतं, कशानं शांत झालं. पुढे डॉक्टरसमोर बसल्यावर आपल्याला काही आठवत नाही, तेव्हा ही वही बोलते.

बघायचं ते असं:

- पडलं, लागलं, ताप आला तर ते कोणाकडे येतं का? जवळ घेतलं तर अंग सैल सोडतं की लाकडासारखं ताठ होतं?
- दारात आलेल्या कोणाच्याही, बांगड्या विकणाऱ्याच्या, बसमधल्या अनोळखी बाईच्या मांडीवर जाऊन बसतं का? बाजारात मागं वळून न बघता कोणासोबतही चालू लागतं का?
- खाणं लपवतं का? पोट भरलं तरी खात राहतं का?
- लहान भावंडाची आई होऊन बसतं का? त्याला जेवू घातल्याशिवाय स्वतः जेवत नाही, मोठ्यांना हात लावू देत नाही, असं?
- तुम्ही संडासला गेलात तरी दाराशी येऊन उभं राहतं का?
- दिवस छान गेला की रात्री मुद्दाम काही मोडतं, ओरबाडतं, भांडण उकरून काढतं का?

यातली एखादी गोष्ट कधीमधी दिसली म्हणून घाबरू नका. नव्या घरात कोणतंही लेकरू बावरतं. महिने उलटले, सगळीकडे तेच दिसतं आणि कमी होत नाही, तर मात्र पुढची पावलं उचला.

आपण एका गोष्टीत हमखास फसतो. जे पोरगं आदळआपट करतं त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. जे काहीच मागत नाही त्याला आपण गुणी म्हणतो, आणि जे कोणाकडेही जातं त्याला माणसाळलेलं म्हणतो. या दोघांचा त्रास वर्षानुवर्षं कोणाला दिसतच नाही. चिमी काहीच न मागणाऱ्यांतली होती. एका संध्याकाळी मला दिसलं की ती टाच टेकवत नाही, चवड्यावर चालते आहे. पाय धरून पाहिला तर बाभळीचा काटा आत मोडलेला आणि भोवती लालबुंद सूज. काटा सकाळी रुतला होता. त्या पायानं ती अंगणवाडीत जाऊन आली, जेवली, अंगणात खेळली आणि कोणाजवळ एक शब्द बोलली नाही. मी सुईनं काटा काढताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, तोंडातून हूं की चूं नाही. सासूबाई म्हणाल्या, "काय सोशिक पोट्टी हाय व बाई!" पण पाच वर्षांचं लेकरू एवढं सोशिक असू नये. दुखलं तर सांगायला कोणी असतं, हेच तिला माहीत नव्हतं.

३. दुसरं काही दुखणं नाही ना, ते तपासा

हे पाऊल गाळू नका. चिडचिड, गप्प राहणं, हाकेला ओ न देणं याची कारणं शरीरातही असतात.

आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं आहे. हातपाय दुखणारं, सारखं थकलेलं लेकरू किरकिरं होणारच. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची साधी तपासणी होते, त्यात काही आढळलं तर पक्क्या निदानासाठी पुढची तपासणी करतात. सोबत हिमोग्लोबिन बघा, वजन-उंची बघा, कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं. ते कधी येणार हे अंगणवाडी ताईंना विचारून ठेवा आणि त्या दिवशी स्वतः हजर राहा.

स्वमग्नता (ऑटिझम), बुद्धीची वाढ कमी असणं, आईबाप गेल्याचं ताजं दुःख, आधीच्या घरी झालेली मारहाण किंवा लैंगिक अत्याचार, यांतही अशीच लक्षणं दिसू शकतात. निवाडा डॉक्टरांनीच करायचा. बंधाच्या विकाराचं निदान करताना ते तीन गोष्टी बघतात: लक्षणं पाच वर्षांच्या आत दिसायला लागली का, लेकराची समज निदान नऊ महिन्यांच्या बाळाएवढी आहे का, आणि लहानपणी त्याची मोठी हेळसांड झाली किंवा सांभाळणारी माणसं वारंवार बदलली का. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली या विकाराचे दोन वेगळे प्रकार केले. एकात लेकरू कोणाकडेच जात नाही, दुसऱ्यात कोणाकडेही जातं. खूप हाल सोसलेल्या लेकरांतसुद्धा हा पुरता विकार थोड्यांनाच होतो. बाकीच्यांना बंधाची अडचण असते. ती विकार ठरली नाही तरी सांभाळायची रीत तीच आहे, म्हणून कागदावर नाव लागायची वाट बघत बसू नका.

४. घरातलं एक माणूस ठरवा

घरच्या सगळ्यांना एका संध्याकाळी बसवा आणि उघड बोला. हे लेकरू कोणाचं? जो घरी जास्त वेळ असतो, ज्याला लवकर राग येत नाही आणि जो पुढची काही वर्षं कुठं जाणार नाही, त्याचं. बाई असो की बाप्या. आमच्या शेजारी एका घरात आबाजींनी हे काम केलं आणि उत्तम केलं.

ठरलेल्या माणसानं निदान एवढं स्वतः करायचं: सकाळी उठवणं, रात्रीचं जेवण वाढणं, झोपताना जवळ असणं, दुखलंखुपलं बघणं. खाऊ आणि नवे कपडेही शक्यतो त्याच हातून द्यावेत. घरातल्या इतरांनी माया करावी, खेळावं, पण लेकरू रडत आलं तर "जा, मावशीला दाखव" असं म्हणून त्या माणसाकडे पाठवावं. सुरुवातीचे काही महिने तरी याला अपवाद नको. कोणाकडेही जाणाऱ्या लेकराच्या बाबतीत तर पाहुण्यांनाही सांगून ठेवावं लागतं की उचलू नका, मांडीवर घेऊ नका, लांबूनच बोला. लोकांना राग येतो. येऊ द्या.

आता शेतकामाचं. पेरणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत घरी कोण थांबणार? आम्ही हे असं बसवलं: जाताना चिमीला सांगायचं, "मी वेचणीला चालली. अंगणवाडी सुटली की आजी तुला घ्यायला येईल. दिवे लागायच्या आधी मी घरी." आणि दिवे लागायच्या आत घरी. त्यासाठी कधी अर्धी ओळ टाकून यावं लागलं.

लेकरू रडेल म्हणून त्याचा डोळा चुकवून सटकणं ही आपल्या घराघरांतली सवय आहे. झोपलं की निघून जायचं, नाहीतर "बकरी बघ बकरी" म्हणून लक्ष वळवायचं. एकदा सोडून गेलेल्या लेकराला यातून एकच गोष्ट समजते: नजर हटली की माणूस नाहीसं होतं. मग ते खेळणंच सोडून देतं आणि पाठीला चिकटतं. रडलं तरी चालेल, सांगून जा.

५. दिवस ठरलेला ठेवा

उठणं, अंघोळ, जेवण, झोप यांच्या वेळा शक्य तेवढ्या बदलू नका. यात्रा, लग्न, पाहुणे आले की आधी सांगा: कोण येणार, किती दिवस राहणार, तू कुठं झोपशील.

खाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण घराघरांत भांडण इथंच होतं. चिमीच्या गोधडीखाली भाकरीचे वाळलेले तुकडे सापडले, मुंग्या लागलेले. यावर लेकराला रागावू नये, सगळ्यांसमोर दाखवू तर अजिबात नये. तिच्या हाताला लागेल अशा फळीवर झाकणाचा एक डबा ठेवला. त्यात फुटाणे, मुरमुरे, कधी गुळाचा खडा. तो डबा तिचा, विचारायची गरज नाही, आणि तो कधी रिकामा राहत नाही. सुरुवातीला ती एका दिवसात संपवायची. मी काही न बोलता भरायची. हळूहळू डबा दोन-दोन दिवस तसाच राहू लागला आणि गोधडीखालचे तुकडे बंद झाले.

मायेचा स्पर्श हवाच, पण समोरून मिठीत घेतलेलं काही लेकरांना सोसत नाही. मागं बसून वेणी घालणं, डोक्याला तेल लावणं, शेजारी बसून शेंगा फोडणं, यात जवळीक होते आणि नजरेला नजरही द्यावी लागत नाही. तिथूनच बोलणं सुरू होतं.

लेकराला घरात स्वतःची जागा द्या. दप्तराची खुंटी, कपड्यांची छोटी पेटी, झोपायची ठरलेली बाजू. आधीच्या घरून आलेली वस्तू, मग ती आईच्या लुगड्याचा तुकडा का असेना, धुवायला किंवा टाकायला घेऊ नका.

६. राग, चोरी, खोटं

लेकरू आदळआपट करतं त्या वेळी शिकवण देऊन उपयोग नसतो. त्याच्या कानात काही शिरत नाही. आवाज खाली आणा, खाली बसा, हाताच्या अंतरावर थांबा. "मी इथंच आहे" एवढं पुरे. कोणाला लागेल असं काही हातात असेल तर काढून घ्या. शांत झालं, पाणी प्यायलं, की मग दोन वाक्यांत बोला आणि मोडलेली वस्तू दोघं मिळून आवरा.

रागाच्या भरातही ही वाक्यं तोंडातून येऊ देऊ नका: "तुला परत पाठवून देईन", "आश्रमशाळेत टाकीन", "तुझी आईसुद्धा अशीच होती", "म्हणूनच तुला कोणी ठेवत नाही". इतर लेकरं अशी धमकी विसरतात. हे लेकरू ती खरी मानतं, कारण त्याच्यासोबत ती खरी झालेली असते. घराबाहेर काढून कडी लावणं, कोंडणं, उपाशी ठेवणं, हेही तसंच.

तुमचा आवाज चढला तर नंतर तुम्हीच आधी जवळ जा. "मी जोरात ओरडले, तू घाबरलीस ना? राग आला तरी मी तुझीच आहे." मोठ्यांनी लेकराकडे असं जाणं आपल्याकडे कमीपणाचं समजतात. मला यात कमीपणा दिसत नाही. भांडण झालं तरी माणूस टिकतं हे लेकराला दुसऱ्या कोणत्याच मार्गानं कळत नाही.

बाहेरचं लागलं, नजर लागली म्हणून कोणी भगताकडे न्यायला सांगेल. अंगारा लावून कोणाचं बिघडत नाही, पण मारणं, चटके देणं, मिरचीची धुरी देणं कोणाला करू देऊ नका. महाराष्ट्रात २०१३ पासून त्याविरुद्ध कायदा आहे. उपचाराच्या नावाखाली लेकराला जबरदस्तीनं दाबून धरायची एक पद्धत अमेरिकेतही निघाली होती. त्यात लेकरं दगावली आणि तिथल्या तज्ज्ञांनी ती धोकादायक ठरवली. असं सुचवणाऱ्याकडे परत जाऊ नका.

७. आईबापाबद्दल खरं सांगा

"बाबा गावाला गेलेत" असं सांगितलं तर लेकरू वाट बघत राहतं. "देवाला आवडले म्हणून नेलं" म्हटलं तर देवाची भीती बसते. आणि गावात खरी गोष्ट कोणीतरी सांगतंच, बहुतेक शाळेच्या वाटेवर, वाईट शब्दांत. ती आधी तुमच्याकडून कळू द्या.

लहान लेकराला मी असं सांगेन: "तुझे बाबा वारले. त्यांचं शरीर बंद पडलं, आता ते परत येऊ शकत नाहीत. त्यांचं मन खूप आजारी होतं आणि त्या आजारात त्यांनी विषारी औषध घेतलं. तुझ्यामुळे हे झालं नाही. तू काही केलं असतंस तर थांबलं असतं, असंही नाही." ते पुन्हा पुन्हा विचारेल. प्रत्येक वेळी तेच शब्द वापरा.

काही दिवस जड जातात, ते आधीच ओळखून ठेवा. आमच्याकडे तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावातली सगळी पोरं लाकडी नंदी घेऊन निघतात, बहुतेकांचे बाप सोबत असतात. चिमीनं पहिल्या वर्षी नंदी घेऊन जायला नकार दिला आणि रात्री शेजारच्या पोराचा नंदी फोडला. पुढच्या वर्षी आठवडाभर आधी तिच्या बाबांबद्दल बोललो, नंदी तिनंच रंगवला, आणि आमचे हे तिच्यासोबत गेले.

आईबाप जिवंत असतील पण दूर असतील तर फोनची वेळ ठरवा आणि पाळा. "दिवाळीला येतो" हे तिकीट हातात असल्याशिवाय कोणी म्हणू नये, फोनवर आईबापालाही तसं सांगून ठेवा. आईनं दुसरं घर केलं असेल तर तिच्याबद्दल लेकरासमोर वाईट शब्द नको. लेकरू स्वतःला त्या आईचाच तुकडा समजतं.

८. शाळेत बोलून ठेवा

पूर्ण कहाणी सांगायची गरज नाही. मास्तरांना किंवा बाईंना एवढं सांगा: बसायची जागा एकच ठेवा, वर्गाबाहेर उभं करू नका, सगळ्यांसमोर "बिचारं, याला बाप नाही" म्हणू नका, तुम्ही रजेवर जाणार असाल तर आदल्या दिवशी सांगा.

आश्रमशाळेत घालणं टाळता येत नसेल तर तिथल्या एका अधीक्षिकेशी किंवा शिक्षकाशी तुमची चांगली ओळख करून घ्या आणि भेटीचा वार ठरवून कधीच चुकवू नका. पण नवं आलेलं लहान लेकरू लगेच तिथं पाठवू नका, असंच मी प्रत्येकाला सांगते. त्याच्यासाठी ते आणखी एकदा सोडून जाणंच असतं.

९. मदत कुठं मिळते

- टेलिमानस, १४४१६: मनाच्या त्रासासाठी सरकारी, मोफत, चोवीस तास. मराठीत बोलता येतं. तुम्हाला स्वतःला थकवा आला, रडू येतं, तरी इथं फोन करा.
- चाइल्ड हेल्पलाइन, १०९८: मारहाण, अत्याचार, बालमजुरी, बालविवाह, लेकरू हरवणं.
- जिल्हा रुग्णालयातला मानसिक आरोग्य विभाग. मोठ्या ठिकाणी यवतमाळ, अकोला आणि नागपूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, वर्ध्याजवळची सेवाग्राम आणि सावंगी मेघे इथली रुग्णालयं आणि नागपूरचं एम्स.

बंध जोडायची गोळी नसते. झोप, भीती किंवा दुसऱ्या आजारासाठी डॉक्टर औषध देऊ शकतात, मुख्य उपचार मात्र लेकरू आणि सांभाळणारं माणूस दोघांना सोबत बसवून होतो. म्हणून ठरलेल्या माणसानंच जावं, शेजाऱ्यासोबत लेकराला पाठवू नये.

मरणाची भाषा करणं, स्वतःला इजा करणं, लहान भावंडाला जीवघेणं मारणं, खाणं सोडणं, अंगावर न सांगता येणाऱ्या खुणा, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी निघा. आणि फवारणीची औषधं घरात, सपरीत, पलंगाखाली ठेवू नका. बाहेर, कुलपात ठेवा. ज्या घरात एकदा कोणी असं औषध घेतलं आहे तिथं तर आजच.

१०. कागदपत्रं

नातेवाइकाकडे वाढणाऱ्या लेकरासाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. अठरा वर्षांपर्यंत, दर लेकरामागे महिन्याला २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात करायचा. घरी चौकशी होते आणि बालकल्याण समिती आदेश देते. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेतूनही मदत मिळते, तुमचं लेकरू कशात बसतं हे तिथंच विचारा.

सोबत ठेवा, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स:

- लेकराचा जन्माचा दाखला आणि आधार
- सांभाळणाऱ्याचं आधार आणि रेशनकार्ड
- आई किंवा वडिलांचा मृत्यूचा दाखला
- शाळेचं बोनाफाईड
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला
- बँकेचं पासबुक
- लेकराचे आणि सांभाळणाऱ्याचे फोटो

काम अडतं ते नेहमी दोन जागी. आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळत नाही, ते आधी दुरुस्त करा. आणि मृत्यूची नोंदच झालेली नसते. ही नोंद २१ दिवसांत करायची असते. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, म्हणून तेराव्याच्या आधीच ग्रामपंचायतीत जाऊन या. पैसे घेऊन काम करून देतो म्हणणाऱ्याला घरात घेऊ नका, अर्जाला फी लागत नाही.

समितीसमोर लेकराला न्यावं लागतं. त्याची तयारी कागदांपेक्षा आधी करा. यापूर्वी ते असंच नवे कपडे घालून बसमध्ये बसलं होतं आणि दुसऱ्याच घरी राहिलं होतं. आदल्या दिवशी सांगा: "उद्या यवतमाळला जायचं. तिथल्या बाई तुला विचारतील, मावशीकडे कशी राहतेस म्हणून. मी दाराबाहेरच बसलेली असेन. संध्याकाळच्या गाडीनं आपण दोघी परत येऊ." तिथं बाहेर बसायला सांगितलं तर दारातून दिसेल अशा जागी बसा आणि चहाला उठू नका.

११. किती दिवस लागतात, आणि पुढचं आतापासून

महिने लागतात, काहींना वर्षं. रोमानियात बुखारेस्ट इथं २००० सालापासून अनाथालयातली लेकरं कुटुंबांत देऊन त्यांचा अभ्यास झाला. दोन वर्षांच्या आत घर मिळालेली लेकरं जास्त सावरली, पण उशिरा घर मिळालेल्यांतही सुधारणा झालीच. त्यामुळे सहा-सात वर्षांचं झालं आता काय उपयोग, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

सुधारणेची खूण गुणपत्रिकेत शोधू नका. लेकरू बारीकसं लागलं तरी दाखवायला येतं, हट्ट करायला लागतं, "तू उशिरा का आलीस" म्हणून भांडतं, ती खूण. चिमी आल्यानंतर दुसऱ्या पावसाळ्यात विळ्यानं बोट कापलं तेव्हा ती बोंब मारत चुलीपर्यंत आली. तिच्या त्या रडण्यानं मला बरं वाटलं. नवं बाळ जन्मलं, घर बदललं, घरात कोणी वारलं की जुन्या सवयी परत दिसतात. तेव्हा डबा, वेणी, सांगून जाणं, सगळं पहिल्यासारखं सुरू करा.

शेवटचं, आजी-आबाजींसाठी. तुमचं वय झालं असेल तर तुमच्यानंतर लेकरू कोणाकडे जाणार ते आजच ठरवा आणि त्या माणसाला आतापासून घरात आणा. आठवड्यातला एक वार त्यांचा. तुम्ही समोर असताना त्यांनी जेवू घालावं, महिन्यातून एकदा त्यांच्या घरी मुक्काम, सुरुवातीला तुम्हीही सोबत. दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर लेकरू त्यांच्याकडेच जाईल, हे लेकराला आणि शाळेला दोघांनाही माहीत असू द्या, आणि त्यांचा मोबाइल नंबर शाळेत देऊन ठेवा.